उंबऱ्यापाशी आडवा पाय

डोळे मिटा पाहू. समोर दार आहे, सताड उघडं. पलीकडे तुमची खुर्ची. कुणी अडवत नाही, तरी पाय उचलत नाहीत. जमिनीला चिकटून बसलेत. आता उघडा डोळे. तुमचा खेळ संपला. भिंगरीच्या आजोबांचं मात्र रोज असं व्हायचं.

आजोबांना पार्किन्सनचा आजार होता. हात थरथरायचे, चाल सपाता घासत, बारीक बारीक पावलांची, आणि दार आलं की सगळं ठप्प. मग भिंगरी आपला पाय त्यांच्या पावलांपुढे आडवा ठेवायची. "ओलांडा, आजोबा!" सपाट जमिनीवर न हलणारा पाय त्या चिमुकल्या पायावरून मात्र अलगद जायचा.

"पाडायला निघालीय मला, कार्टी!" आजोबा म्हणायचे. चेहरा हलायचा नाही, डोळे तेवढे हसायचे.

हे असं का होतं, ते भिंगरीच्या आत्याला शोधायचं होतं. आत्या म्हणजे आजोबांची धाकटी लेक, शास्त्रज्ञ. आजवर ती आपल्या सरांच्या प्रयोगशाळेत सरांचेच प्रश्न सोडवत आली होती. एक संस्था तरुण शास्त्रज्ञांना स्वतःची प्रयोगशाळा उभारायला निधी द्यायची, पण प्रश्न ज्याचा त्याचा हवा. आत्याची ही शेवटची संधी होती. हुकली, तर या आजाराचं काम सोडून मिळेल ती नोकरी धरायची.

मुलाखत संगणकावर होणार होती. घरात शांत खोली एकच, आजोबांची. ते गेल्यापासून ती बंदच होती.

खोली उघडली आणि भिंगरीला आवाज येऊ लागला. दुपारी घर सामसूम असताना खोलीबाहेरच्या बोळातून सपाता घासत यायच्या. सर्र, सर्र, सर्र. दारापाशी थांबायच्या. आतही नाही, मागेही नाही.

"आत्या, तुला ऐकू आलं?"

"छे!" आत्या चटकन म्हणाली. जरा जास्तच चटकन. आणि पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहून सराव करू लागली, "आमच्या सरांच्या मते…"

"परत सर! त्यांनाच बसव की मुलाखतीला."

"गप गं, आगाऊ!"

मुलाखतीच्या दिवशी आत्या अनवाणीच बोळातून आली आणि दारात थबकली. आतून संगणकावरच्या बाईंचा आवाज आला, "येताय ना? तुमचा प्रश्न तुमच्याच तोंडून ऐकायचाय."

"सरांचीच वाक्यं आठवताहेत गं," आत्या कुजबुजली. "पाय उचलत नाहीये."

तेवढ्यात मागून आलं. सर्र, सर्र, सर्र. अगदी आत्याच्या पाठीशी येऊन थांबलं. बोळ रिकामा होता. आत्याची मान ताठ झाली. तिलाही ऐकू आलं होतं.

भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी ती पुढे झाली, चौकटीला पाठ टेकली आणि उंबऱ्यापाशी पाय आडवा ठेवला.

"ओलांड, आत्या."

आत्याने खाली पाहिलं. तिचा पाय उचलला, भिंगरीच्या पायावरून पलीकडे गेला. खुर्ची सरकली.

"माझा प्रश्न असा आहे," आतून आवाज आला, आधी कापरा, मग स्वच्छ. "माझ्या वडिलांचे पाय दारातच का थांबायचे?"

भिंगरीने पाय काढून घेतला नाही. तो तसाच आडवा ठेवून, श्वास रोखून ती थांबली, मागच्या पावलांसाठी.