वसुबारसेचा प्रोग्रॅम

केदार माझा पुतण्या, आणि माझ्याच सॉफ्टवेअरच्या धंद्यात भागीदार. त्याने महिनाभर माझं डोकं खाल्लं.

"काकू, फॉक्सप्रो आता म्युझियममध्ये ठेव. त्यात प्रोग्रॅम लिहिणारं कुणी उरलंय का?"

"मी उरलेय की," मी म्हणायचे.

पण रोजची कटकट नको म्हणून शेवटी हो म्हटलं. केडगावच्या पुढे एका गावात दूध संकलन केंद्र आहे. तिथला माझा फॉक्सप्रोमधला जुना प्रोग्रॅम बंद झाला, केदारचा नवा सुरू झाला. आणि वसुबारसेच्या दुसऱ्याच सकाळी केंद्रावरून फोन: दूध घेताच येत नाहीये, या लवकर. आम्ही दोघं धावलो.

दारात कॅन घेऊन बायका ताटकळलेल्या. रांगेत पहिल्या मालनबाई. त्यांचा नंबर टाकला की स्क्रीनवर लाल अक्षरं: पुरवठा खंडित, खातं स्थगित. सगळ्यांचं तेच.

"मावशी, काल दूध का नाही घातलं?" केदारने विचारलं.

मालनबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आरं बाबा, काल वसुबारस हुती. त्या दिशी गाईचं दूध वासराचं. डेरीला कोन घालतं?"

या गावात कुणीच घालत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती सुट्टी धरलेली होती, कारण लिहायच्या आधी मी याच ओट्यावर बसून बायकांशी बोलले होते. केदारने त्याचा पुण्यात बसून लिहिला; एक दिवस दूध चुकलं की खातं बंद.

"दुरुस्त करतो," तो पडेल आवाजात म्हणाला. "पण तपासावं लागेल. उद्यापर्यंत."

"तोवर दूध नासू दे म्हणतोस?"

मी पिशवीतून माझा जुना लॅपटॉप काढला. केदार तो भंगारात घाल म्हणत होता, पण माझा प्रोग्रॅम त्यात अजून होता. दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनची वायर जोडली आणि पावत्या निघायला लागल्या.

रांग संपली तसा तो जवळ आला. "आज निभावलं काकू. पण तुझ्यानंतर काय? हे कोण बघणार?"

ते मात्र खरं होतं, म्हणूनच झोंबलं. कटकटीचं नुसतं निमित्त; खरं तर या एका प्रश्नाला घाबरूनच मी मान डोलावली होती. आता नाही डोलावणार.

"फॉक्सप्रो राहणार," मी म्हणाले. "तुझ्या प्रोग्रॅमला या गावाचे सणवार कळले की मग बघू."

"आणि तुझ्यानंतर?"

मी खुर्चीवरून उठले, लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"माझ्यानंतर तू. बस इथे."