एरंडावरची खोपी

मी मुंग्यांची खोपी बोलतेय. नखाएवढी आहे म्हणून हसू नका. मिराबाईच्या घरचा दिवा माझ्या जिवावर जळला.

साखरा गावच्या शिवारात तिच्या कपाशीच्या कडेनं एरंडाची ओळ होती. एरंडाच्या देठाला बारीक गाठी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. उन्हापावसात तो निवांत चाटता यावा म्हणून मुंग्यांनी मातीचा कण न् कण वर नेला आणि गाठीवर छप्पर घातलं. तीच मी. रसाच्या मोबदल्यात मुंग्या झाडाची राखण करायच्या. अळी दिसली, की चावून खाली लोटायच्या. फुकटचं खाणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

लढाईचे दिवस होते, घासलेट मिळेना. मिराबाईची लेक नर्मदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो, आणि तेल निघायचं ते याच एरंडाचं.

मिराबाई मोठी मायाळू. लेक सुखरूप सुटावी म्हणून तिनं मुंग्यांना रोज गूळ-पीठ घालायचा नेम धरला, तोही एरंडाच्या बुडाशी! झालं, माझ्या मुंग्या मला सोडून खाली पळाल्या. असा संताप आला म्हणून सांगू! वर अळ्यांना रान मोकळं मिळालं. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या.

तिचा नवरा संतराम राखेची टोपली घेऊन आला. "या मुंग्यायनंच पानं खाल्ली. राख टाकून हाकलतो."

"थांबा जी," मिराबाई म्हणाली. "त्या कडंच्या झाडावर मुंग्या हायत, तरी पानं बराबर हायत. काहून?"

त्या झाडापर्यंत तिचं पीठ कधी पोचलंच नव्हतं. वाकून बघता बघता तिनं कपाळावर हात मारला. "माझंच पुण्य आडवं आलं. मी त्यायला खाली जेवू घालून राहिले, आन् वर अळी चरून राहिली."

दुसऱ्या दिवसापासून पीठ बांधापल्याड पडू लागलं. बुडाशी काही मिळेना, तशा मुंग्या रसासाठी पुन्हा वर आल्या. माझं ढासळलेलं छप्पर त्यांनी लिंपलं, अळ्या पटापट खाली पाडल्या. एरंड फुटला, घोसांनी वाकला. माघात नर्मदेला मुलगी झाली आणि दिवा दहाही दिवस जळला. मी तर आनंदानं फुगून गेले.

झाड पुढं वाळलं, पण मिराबाईनं माझी फांदी तोडून घराच्या वळचणीला खोचली. आता मी रिकामी आहे, पण मान ताठ आहे. नात आजोळी आली, की मूठभर पीठ घेऊन नव्या एरंडाकडे धावते, आणि मिराबाई तिचा हात धरते.

"तिथं नगं, बाई. बांधापल्याड टाक. इथं त्या कामावर हायत."