पायाळूची वाटी

विशू पायाळू आहे की नाही, याचा निकाल कुंडल गावातल्या त्या घरात अजून लागला नव्हता.

पोटात असताना तो सरळ उभा होता, पाय खाली नि डोकं वर. सोनोग्राफीत तसं दिसलं, म्हणूनच सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं. आता बाहेर येताना आधी पाय आले की डोकं, हे अंकिताला कुठलं दिसायला? मधे हिरवा पडदा होता.

तिच्या सासूबाईंचं, मनुबाईंचं म्हणणं, "पाय खाली म्हंजे पायाळूच. दार कंचं का आसंना."

सासरे हंबीरराव म्हणायचे, "दारानं आलाच न्हाई, तर पायाळू कसला?" पण कंबरेत उसण भरली की तेच पालथे पडून नातवाला हाक मारायचे, "ये रं गड्या, हाण एक लाथ!" पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणतात. विशू मन लावून लाथा हाणायचा, आणि हंबीरराव खरंच उठून रानात जायचे.

पायाळूवर वीज पडते, असंही म्हणतात. त्याच्याजवळ काशाचं भांडं असलं तर हमखास. माधवनगरच्या अंकितानं बी.एस्सी. केलेलं. लाथेला ती हसायची, विजेलाही हसायची. अजून वीज कधी अशी डोक्यावर आली नव्हती.

मे महिन्यातली ती दुपार. हंबीरराव पलूसला गेलेले. विशूचा बाप, ऋषिराज, राजस्थानात ड्यूटीवर. डोंगरामागनं काळंभोर आभाळ चढलं, वारा सुटला, पडवीचा पत्रा फडफडायला लागला आणि लाईट गेली. अंकिताच्या फोनवर इशारा आला होता: विजांसह वादळ, घरातच थांबा, धातूच्या वस्तूंपासून दूर राहा.

"पोराला मधल्या खोलीत न्ये," मनुबाई ओरडल्या. "खिडकीपाशी बसू नगंस. नि भांड्याला हात लावू द्यू नगंस त्येला!"

अंकितानं फोनकडं बघितलं, मग सासूकडं. दोघं एकच सांगत होती. तिनं विशूला उचलून मधल्या खोलीत नेलं, गोधड्यांच्या ढिगावर बसवलं. पण आपण हे कुणाचं ऐकून केलं, ते तिचं तिला कळेना.

"आत्या, स्टीलचं चालतं का हो जवळ?" तिनं सासूला विचारलं.

"आमच्या येळंला स्टील कुटं हुतं? मला काय ठावं!"

मनुबाईंनी काशाचं ताट नि तांब्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन त्यांवर घोंगडं टाकलं. नि तिथंच थबकल्या.

"वाटी कुटं हाय?"

वाटी विशूची. अंकिताच्या आईनं बारशाला दिलेली, काशाची. रोज तिन्हीसांजेला अंकिता त्याच्या तळपायांना तेल लावून त्या वाटीनं घासायची. त्याशिवाय त्याला झोप येत नसे.

"सकाळी हौदापाशी खेळत हुता ती घिऊन," मनुबाई म्हणाल्या. "म्हंजे दारात पडलीया. दारात काशाचं पडलं तर विजंला घर दावल्यागत हुतंय की गं." आणि पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन त्या निघाल्याच.

"आवं आत्या, नको! हौदावर आंबा आहे, झाडाखाली जाऊ नका!"

ऐकतंय कोण. बाहेर टपोरे थेंब, त्यात गारा. पत्र्यावर असा आवाज की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. अंकिता दारापर्यंत गेली, विशू रडला तशी मागं आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. लेकराला टाकून म्हाताऱ्या बाईला ओढून आणायचं, की लेकराला धरून तिला विजेखाली राहू द्यायचं? पुस्तकात यातलं काही नव्हतं.

तिनं विशूला पोटाशी घेतलं. काहीतरी टणक टोचलं. त्याच्या झबल्यात हात घातला तर वाटी! पोटाशी धरून बसला होता, मांजराचं पिल्लू लपवल्यासारखी.

"माझी हाय," विशू म्हणाला.

पोराला कडेवर नि वाटी हातात घेऊन अंकिता धावत दारात आली. "आत्या! सापडली! या आत!" आंब्याखाली वाकलेल्या मनुबाईंची नुसती पाठ दिसत होती; हाक कानांपर्यंत पोचत नव्हती. तेवढ्यात वीज चमकून सगळं अंगण पांढरं झालं. अंकिताला काय वाटलं, देव जाणे. हातातली वाटी तिनं जीव खाऊन लांब भिरकावली.

वाटी हौदाच्या दगडावर आपटली, ठण्ण वाजली. मनुबाईंनी वळून पाहिलं. दारात सून, तिच्या कडेवर नातू. वाटी तिथंच टाकून त्या पळत सुटल्या.

"पायाळू पोराला घिऊन दारात हुबी ऱ्हायलीस? बी.एस्सी. कशाला झालीस गं?"

दार लावलं तोच असा कडकडाट झाला की तिघंही गोधड्यांवर कोसळली. फटीतनं बघितलं, तर शेजारच्या जोतीरामच्या बांधावरच्या नारळाचा शेंडा धुमसत होता.

विशू दोघींच्या मधे दाबला गेला होता.

"वाटी टाकलीस म्हणून वाचलं पोरगं," मनुबाई म्हणाल्या.

"नारळ उंच होता म्हणून, आत्या. वाटीमुळं असतं, तर वाटीवर पडायला पाहिजे होती. ती आपल्याच अंगणात आहे."

मनुबाई विचारात पडल्या. "व्हय की. मग पोरगं पायाळू न्हाई म्हंतीस?"

"मी कुठं तसं म्हणते?"

"मग हाय म्हंतीस?"

अंकितानं विशूला जवळ ओढलं. विश्वासच नव्हता, तर वाटी का फेकली? नि विश्वास होता, तर आतापर्यंत रोज त्याच वाटीनं त्याचे पाय कसे घासले? तिनं विशूच्या डोक्यावर तोंड टेकवलं. पावडरीचा नि घामाचा वास आला. तो आपल्या कुशीत आहे, एवढं मात्र नक्की होतं.

पाऊस ओसरला तशी मनुबाईंची कंबर धरली. त्या पालथ्या पडल्या. "हाण रं माज्या राजा." विशूनं दोनचार लाथा हाणल्या.

"बरं वाटलं का?" अंकितानं विचारलं.

"वाटलं आसंल. पावसानं आखडली हुती का काय, द्येवाला ठावं."

तिन्हीसांजेला विशूनं सवयीनं दोन्ही पाय तिच्या मांडीवर टाकले. "वाटी," तो म्हणाला.

अंकितानं दाराकडं बघितलं. हौदापाशी वाटी दिसत होती, गारांच्या पाण्यानं भरलेली. लांब, पार डोंगरापलीकडं, आभाळ अजून गुरगुरत होतं.

"आज हातानं घासते हं," ती म्हणाली, आणि तळहातावर तेल ओतलं.

मनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात लांब करून विशूचा दुसरा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.