भिंगरीच्या बिऱ्हाडातली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. माझे बूड एका बाजूने चेपले आहे, काठाला तांबूस गंज चढला आहे आणि माझ्यात ओतलेले पाणी आता टिकत नाही. तरीही मी अजून भंगारात गेलेले नाही. ते का, हे सांगायचे तर मला एका मुलीची गोष्ट सांगावी लागेल.

माझा जन्म पत्राकामाच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने पत्रा कापला, गोल वळवला, बूड बसवून शिवण ठोकली. दोन्ही बाजूंना कान लावले आणि त्यांत लोखंडी कडी अडकवली. मग मला वितळलेल्या जस्तात बुडवले. तो चटका मी अजून विसरलेले नाही. पण बाहेर आले तेव्हा माझ्या अंगभर चांदीच्या पानांसारखी नक्षी उमटली होती, आणि मी स्वतःवरच खूश झाले होते.

भांड्यांच्या दुकानाबाहेर मला दोरीला टांगले होते. एक दिवस एक तरुण बाई आली. तिने मला उतरवून घेतले, आपल्या चेहऱ्यावर पालथे धरले आणि आतून सूर्याकडे पाहिले. कुठून उजेड दिसतो का, हे ती तपासत होती. कुठूनच दिसला नाही, म्हणून तिने मला घरी नेले. तीच पुढे आमच्या मुलीची आई झाली.

त्या घरात मी भरपूर कामे केली. पाणी भरले, फरशा पुसल्या, गोधड्या भिजवल्या. मुलगी बसू लागली तेव्हा तिची आंघोळ माझ्यातच होई. पण ती बसायची कुठली? हात मार, पाय मार, उभी राहा, बाहेर झेप घे, असे तिचे चाले. तिच्या वडिलांनी तिला 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव घरात रुळले. पुढे न्हाणीघरात शॉवर आला, रंगीत प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथे माझ्यात जुन्या चपला ठेवल्या होत्या. बादलीच्या आयुष्यात याहून मोठा अपमान नाही.

कितीतरी वर्षांनी मला पुन्हा खाली काढले, ते भिंगरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळाले होते.

"आई, ही बादली? लोक हसतील मला!"

"लोक तुझ्या न्हाणीघरात येणार आहेत का हसायला?" आई म्हणाली आणि तिने माझ्यात कप, चिमटे, दोऱ्या नि साबण कोंबले.

निघताना वडील एवढेच म्हणाले, "हे बघ, जमलं नाही तर सरळ परत ये. त्यात काही कमीपणा नाही."

ते प्रेमाने बोलले होते, पण भिंगरीच्या मनात ते वाक्य काट्यासारखे रुतून बसले. आपल्याला जमणार नाही असे बाबांना वाटते, अशी तिची समजूत झाली.

मित्रांनो, एकटे राहणे म्हणजे काय, ते मी त्या खोलीत पाहिले. एक खोली, तिच्या कडेला ओटा, ओट्याला लागून न्हाणीघर. ओट्यावरची खिडकी बाहेरच्या सामाईक गॅलरीत उघडत होती. जागा एवढीच, पण भिंगरीला तिथे चैन पडत नसे. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालत. पलंग आज या भिंतीला, तर परवा त्या भिंतीला. मलाही एका जागी ठरू देत नसे. कधी मी न्हाणीघरात, कधी गॅलरीत, कधी ओट्याच्या गळक्या नळाखाली.

प्रयोगशाळेत तिचे हात इतके नेमके होते म्हणे, की तिने बसवलेला दात कवळीत कोणता ते ओळखू येत नसे. घरी मात्र त्याच हातांनी सगळे सांडत होते. नव्या निळ्या पँटबरोबर तिने कामाचा पांढरा कोट माझ्यात भिजवला आणि आभाळी रंगाचा कोट घालून आठवडाभर कामाला गेली. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतले. भाजी आणावी तर चौघांना पुरेल एवढी आणायची, मग ती सुकायची, मग टाकताना जीव हळहळायचा. बाहेर पडताना गॅस बंद केला का, या शंकेने ती अर्ध्या जिन्यातून परत यायची. बघायची, उतरायची आणि पुन्हा परत यायची.

रोज संध्याकाळी आईचा फोन येई.

"जेवलीस का?"

"हो, कधीच!" ओट्याला टेकून कोरडा पाव चावत भिंगरी म्हणे.

"सगळं ठीक ना?"

"एकदम मस्त."

फोन ठेवला की ती माझ्या काठावर पायाच्या बोटांनी टकटक करत उगाच उभी राहायची. खरे बोलावे तर बाबा म्हणतील, 'ये परत.' आणि खोटे बोलावे तर घशाखाली घास उतरत नाही.

आमच्या बरोबर खाली एक नर्सबाई राहत होत्या. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की वॉर्डातले सगळे रोगी एकदम उठून बसावेत. त्यांची ड्यूटी रात्रीची, त्यामुळे त्या सकाळी झोपत. आणि भिंगरीची सगळी धुणीभांडी नेमकी सकाळी! मला फरशीवरून फरफटत नेले की खाली त्यांच्या डोक्यात घण पडत. एकदा तर ती नळ चालू ठेवून फोनवर बोलत राहिली. मी भरून वाहू लागले आणि पाणी झिरपून थेट त्यांच्या उशीवर टपकले. त्या केस पुसतच वर आल्या.

"मुली, रात्रभर उभी असते मी! मला झोपायला मिळणार आहे की नाही?"

"सॉरी मावशी, परत नाही होणार."

"मावशी म्हणू नकोस, आणि ती बादली उचलून ठेवत जा!"

त्या दिवसापासून भिंगरीने त्यांची धास्तीच घेतली. मला उचलताना ती श्वास रोखून धरायची आणि जिन्यात त्यांची चाहूल लागली की वरच थांबून राहायची.

अशात न्हाणीघराच्या दाराचा बोल्ट अडकू लागला. दमटपणाने दार फुगले होते की बोल्ट गंजला होता कोण जाणे, पण तो सरकवताना कुरकुरायचा. सुताराला बोलवायचे ती रोज ठरवायची. आज उशीर झाला, उद्या दमले, मग रविवारी बघू.

तो सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींनी तिला जेवायला बोलावले होते. जावे की न जावे, यावर तिचे सकाळपासून चालले होते. एकदा तिने 'येते' असे कळवले, मग 'नाही जमणार' असे कळवले, मग पुन्हा 'येते'. शेवटी जायचे ठरले. सोबत काहीतरी करून न्यावे म्हणून तिने बटाटे उकडायला ठेवले, फोन ओट्यावर खिडकीपाशी ठेवला आणि दोन तांबे अंगावर घेऊन येऊ म्हणून न्हाणीघरात शिरली. दार लावले, बोल्ट घट्ट सरकवला.

आंघोळ झाली, कपडे घालून झाले. तिने बोल्ट ओढला, आणि त्याची मूठच तिच्या हातात आली.

आधी तिला हसू आले. मग तिने बोटांनी, तांब्याच्या काठाने, केसांच्या पिनेने बोल्ट सरकवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. दाराला खांदा लावला. दार जाडजूड, जुन्या लाकडाचे. ते उलट तिच्यावरच हसत असावे.

"थांब. शांत राहा. विचार कर," ती स्वतःशीच म्हणाली आणि त्या एवढ्याशा जागेत गोल गोल फिरू लागली.

बाहेर फोन वाजला. बराच वेळ वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

"अरे कुणी आहे का?" तिने हाक मारली, पण इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आली. मोठ्याने ओरडावे, तर खाली नर्सबाई झोपलेल्या. मित्रांनो, खरे सांगते, ती मुलगी बंद दाराआड अडकली होती आणि तरी कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून घुटमळत होती! तिने मला उचलले, भिंतीशी नेले आणि परत अलगद खाली ठेवले. पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

मग दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला.

भांड्यातले पाणी आटले होते. बटाटे जळत होते, आणि ओट्याच्या वर कपडे वाळत घातलेली दोरी होती. भिंगरीच्या तोंडचे पाणी पळाले. तिने माझी कडी दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीतून खाली उतरणाऱ्या लोखंडी नळावर मला दाणकन आदळले.

काय सांगू तुम्हाला! तो आवाज नळातून खालपर्यंत गेला असणार. ती मारत राहिली. माझे बूड चेपले, एक कान उखडला, शिवण उसवली, अंगातून कळा निघाल्या. तरी मला वाटत होते, आणखी मार, थांबू नकोस.

जिन्यात पावले वाजली. धपधप, रागाची.

"ए मुली! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नर्सबाई गॅलरीतून गरजल्या. "आज मी तुझं काही ऐकून..." आणि त्या थबकल्या. "हा वास कसला गं?"

"मावशी! मी बाथरूममध्ये अडकलेय! गॅस चालू आहे!"

मग खिडकी ढकलल्याचा आवाज आला. बाहेर काय झाले ते मला नंतर कळले: नर्सबाईंनी गजांतून हात खांद्यापर्यंत आत घातला. बोटे शेगडीपर्यंत पोचेनात. त्यांनी गॅलरीतला झाडू उचलला, त्याच्या दांड्याने आधी दोरीवरचे कपडे दूर सारले आणि मग त्याच दांड्याने बटण फिरवले. बटण फिरले. फुरफुर थांबली.

"बंद झाला गॅस. तुला भाजलं का? चक्कर येतेय?"

"नाही."

"मग खाली बस. बूड टेकून बस. आणि श्वास हळू घे, मला इथपर्यंत ऐकू येतोय तो."

माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात. भिंगरी माझ्या गळ्यात हात टाकून खाली बसली, तेव्हा तो मला प्रत्यक्ष जाणवला.

नर्सबाईंनी शेजारच्यांना सुताराकडे पिटाळले. तेवढ्यात ओट्यावरचा फोन पुन्हा वाजू लागला.

"तुझी आई आहे गं!"

"नका उचलू! तिला काही सांगू नका, प्लीज!"

पण गजांतून हात तर आधीच आत गेला होता.

"हॅलो? हो, तिचाच फोन. मी खालच्या मजल्यावरची. घाबरू नका, मी नर्स आहे. तुमची मुलगी न्हाणीघरात अडकलीय, सुखरूप आहे. नाही हो, काही जेवत नाही ती धड. रोज बघते ना मी, पावाचीच वेष्टणं कचऱ्यात."

आत भिंगरीने कपाळाला हात लावला. आणि मग ती रडू लागली. मी तिला त्या खोलीत प्रथमच रडताना पाहिले. पण त्यानंतर ती तिथेच स्वस्थ बसून राहिली, भिंतीला डोके टेकून, काहीही न करता. तेही मी प्रथमच पाहत होते.

सुताराने आधी खोलीच्या दाराचे कुलूप काढले, मग पटाशीने बोल्ट उचकटला. भिंगरी बाहेर आली. नर्सबाई विस्कटलेल्या केसांनी दारात उभ्या होत्या. मग बाईंनी तिच्या हातात फोन दिला.

"बोल आईशी. आणि खरं बोल."

"आई..." भिंगरी म्हणाली. "नाही, जेवले नाही. काल पण नाही जेवले." मग सगळे एकदम बाहेर पडले. निळा कोट, टपकलेले पाणी, सुकलेल्या भाज्या. फोन वडिलांनी घेतला. भिंगरी ताठ झाली.

"बाबा, आधीच सांगते, मी परत येत नाहीये."

"मी कुठं म्हटलं ये म्हणून?" पलीकडून आवाज आला. "मी विचारत होतो, बोल्टला तेल का नाही घातलंस?"

भिंगरीला इतके हसू फुटले की सुतारही हसू लागला. जेवायला ती गेलीच नाही. नर्सबाईंनी तिला खाली नेले, वाटीभर गरम भात पुढे ठेवला आणि स्वतः खुर्चीतच झोपी गेल्या.

यानंतर भिंगरी एकदम शहाणी झाली, असे मी सांगणार नाही. पलंग अजूनही भिंती बदलतो. दूध अजूनही उतू जाते. पण फोनवर आता ती "आज भांडं करपलं" असेही सांगते, आणि आई "माझंही करपलं" असे म्हणते. नर्सबाईंना ती मावशीच म्हणते आणि त्या आता हरकत घेत नाहीत.

माझी शिवण मात्र उसवली ती उसवलीच. निळ्या प्लॅस्टिकची बादली आली. मला टाकायला म्हणून भिंगरी दोनदा जिना उतरली आणि दोनदा मला घेऊन परत आली. शेवटी तिने मला गॅलरीत पालथे ठेवले. सकाळी ड्यूटीवरून आलेल्या नर्सबाई वरपर्यंत येतात, माझ्यावर बसून बूट सैल करतात आणि कामाला निघालेल्या भिंगरीशी चार शब्द बोलतात. पाण्याइतकेच हेही वजन मला आवडू लागले आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना वापरून झाल्यावर कोरडे पुसून ठेवत जा, आम्ही लवकर गंजतो. पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. तुमच्या वर, खाली किंवा शेजारी कुणी एकटे राहत असेल आणि तिथून कधी भलताच आवाज आला, तर उशी कानावर दाबून कूस बदलू नका. रागावून का होईना, पण जिना चढून जा.