पहिलं नाव

"अहो, अभिनंदन!" बायको दारातूनच ओरडली. "गाडी घेतलीत आणि मला पत्ताच नाही?"

अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून तो बाहेर आला. पोस्टमन नुकताच गेला होता. बायकोच्या हातात परिवहन कार्यालयाचं फोडलेलं पाकीट होतं आणि त्यातल्या गुळगुळीत कार्डावर मालक म्हणून त्याचं पूर्ण नाव छापलेलं होतं. खाली गाडीचं मॉडेल होतं, शोरूममधलं सगळ्यांत मोठं, सात जणांचं.

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," बायको म्हणाली. "ठेवायची कुठे पण? जिन्याखाली मावेल का?"

तोही हसला. बावीस वर्षं तो असल्या गाड्या विकत होता आणि बावीस वर्षं बसने कामाला जात होता. यावरून बायको त्याला महिन्यातून एकदा तरी चिमटा काढायचीच. मग त्याने कार्डावरचा नंबर वाचला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. हीच नंबर प्लेट त्याने काल संध्याकाळी स्वतःच्या हाताने बसवली होती, लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या नव्या गाडीला.

लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणजे त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. हॉटेलांच्या चादरी धुता धुता त्यांनी व्यवसाय वाढवला होता. आधीच्या दोन गाड्या त्यांनी त्याच्याकडूनच घेतल्या होत्या, दोन्ही वापरलेल्या. या वेळी आईची व्हीलचेअर मावेल अशी मोठी गाडी हवी होती, आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, आयुष्यभर लोकांचं वापरलेलं धुतेय. एकदा तरी कागदावर पहिलं नाव माझं असू दे." त्याने शब्द दिला होता. तसा तो उठसूट शब्द देणाऱ्यांतला नव्हता.

बस नेहमीच्या थांब्यावर थांबली. रस्त्याच्या अलीकडे त्याचं शोरूम, पलीकडे दुसऱ्या कंपनीचं. दोघांचं वैर सवतींसारखं. त्यांनी दारात कमान उभारली की यांनी दुसऱ्या दिवशी तिच्याहून हातभर उंच उभारायची. त्यांच्या गाडीची सीट पाठ चेपून देते म्हटल्यावर यांच्या गाडीची पोटऱ्याही चेपू लागली. वर्षअखेरीला ज्याच्या मोठ्या गाड्या जास्त खपतील, त्याला शहराची ढाल मिळायची. यंदाची ढाल याच शोरूमला मिळाली होती आणि काउंटरवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती.

मॅनेजरला सगळे साहेब म्हणत. तो एकटा त्याला बंड्या म्हणायचा, तेही दार बंद असताना. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. बंड्याला टाय बांधायला त्यानेच शिकवलं होतं आणि गिऱ्हाइकाशी बोलायलाही.

"माझ्या नावावर गाडी आहे," त्याने कार्ड टेबलावर ठेवलं.

बंड्याने कार्डाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या एकट्याच्या नाही रे. अकाउंटंटच्या आहे, रिसेप्शनच्या मुलीच्या आहे. वॉचमनच्या नावावरही आहे. तो तर खूश झाला, म्हणाला फोटो काढून द्या."

"मी सही कधी केली?"

"वर्षअखेरीला. विम्याचे कागद म्हणून गठ्ठा दिला नव्हता का? तू वाचला नाहीस."

"तू दिलास म्हणून वाचला नाही."

बंड्या खुर्ची पुढे ओढून, जुन्या दिवसांत बोलायचा तसा हळू आवाजात म्हणाला, "समोरच्यांचा आकडा आणि आपला आकडा सारखा झाला होता. शेवटचा दिवस. पाच गाड्या आपल्याच माणसांच्या नावावर चढवून खपलेल्यांत मोजल्या, झालं. समोरचेही करत असतील. महिन्याभरात बाईंच्या नावावर करून देऊ."

"दुसरी मालकीण म्हणून."

"कितवा मालक, त्याचा एवढासा रकाना असतो. कोण वाचतं?"

"आणि मी त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. नवी शाखा निघतेय. तिथे कुणाला बसवायचं, हे मीच ठरवणार आहे."

त्याला राग यायला हवा होता, पण आधी भयंकर वाईट वाटलं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. इथे ज्याला हात धरून शिकवलं त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि वर चहा मागवत होता. चहा यायच्या आत तो उठला.

लॉन्ड्रीच्या अंगणात गाडी उभी होती. मागच्या सीटवर बाईंची म्हातारी आई मांडीवर शाल घेऊन ऐटीत बसली होती.

"सकाळपासून उतरायचं नाव नाही," बाई हसत म्हणाल्या. "जेवणही गाडीतच हवं म्हणते. या भाऊ, आत या."

तो आत गेला नाही. अंगणातच, दोरीवरच्या ओल्या चादरींशेजारी, त्याने कार्ड पुढे केलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी हात पदराला पुसून कार्ड घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"सही तुमची आहे ना पण?"

"हो."

बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं. "दुसरीकडे कुठे गेले असते तर मला फसवतील, अशी भीती वाटली असती," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आले म्हणून निर्धास्त होते. भाऊ म्हणायचे मी तुम्हाला."

बाईंनी आत जाऊन किल्ली आणली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"कागदावर तुमचीच आहे. न्या." मग चिडूनच, "आता मी कुणाकडे जायचं, तेही तुम्हीच सांगा."

"समोरच्या शोरूममध्ये जा," तो म्हणाला. "तिथे टक्कल पडलेले एक गृहस्थ आहेत. बारा वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवतायत, पण खोटं बोलून एकही नाही."

दोन कामगारांनी आईला उचलून खाली व्हीलचेअरमध्ये बसवलं. "अगं, एक फेरी तरी मारायची होती," ती म्हणाली. बाई तिची शाल नीट करत राहिल्या.

गाडी त्याने स्वतःच चालवत शोरूममध्ये नेली. बंड्या धावत बाहेर आला.

"ही परत कशी आली?"

"मालक घेऊन आलाय."

"बाईंना सांगितलंस तू?" बंड्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आता त्या समोर जातील!"

"मीच पाठवलंय."

"बावीस वर्षांची दोस्ती," बंड्या म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले, "एका गाडीसाठी मला दगा दिलास?"

कुणी कुणाला काय दिलं, याचा हिशेब मांडत बसण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं. त्याने किल्ली बंड्याच्या हातात दिली आणि आत जाऊन राजीनामा लिहिला. बायकोला कळल्यावर तिने एकही विनोद केला नाही. तेव्हा कुठे त्याला आपण काय करून बसलो ते नीट कळलं.

गाडी त्याच्या नावावरून उतरायला आणि बाईंचे पैसे परत मिळायला तीन आठवडे लागले. शेवटच्या सहीसाठी शोरूममध्ये बोलावलं त्या दिवशी प्रत्येक पान वाचून त्याने सही केली आणि बाहेर येऊन थांब्यावर उभा राहिला. बस यायची होती. पलीकडच्या शोरूमच्या काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. लॉन्ड्रीवाल्या बाई टेबलापाशी बसल्या होत्या, शेजारी आई. टक्कलवाले गृहस्थ पेन पुढे धरून उभे होते.

बाई पेन घेत नव्हत्या. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, एकेक पान वाचत होत्या. पान उलटायच्या, परत मागे यायच्या, काहीतरी विचारायच्या. त्याच्याकडे गाडी घेताना त्यांनी कधी चष्मासुद्धा लावला नव्हता. तो बोट ठेवील तिथे सही करून मोकळ्या व्हायच्या.

त्याची बस आली आणि गेली. बाई अजून तिसऱ्याच पानावर होत्या.