मोरीवर बदली झालेला पिंजरा

मित्रांनो, मोरीच्या तोंडाशी जी गंजकी जाळी दिसते ना, ती मीच. मी उंदरांचा एक जुना पिंजरा आहे.

भद्रकाली बाजारातल्या एका कारागिराने तारा ओढून मला घडवले. १९९६ साली देवरामकाकांनी मला द्वारका चौकाजवळच्या आपल्या घरी आणले. पहिल्याच रात्री भजीच्या वासाने एक उंदीर अडकला. सकाळी काय माझे कौतुक! मी तर हवेतच होतो.

पण काका पडले भाविक. गणपतीच्या वाहनाला मारायचे कसे? ते मला गल्लीच्या टोकाला नेत, दार उघडत आणि वर उंदरालाच हात जोडत. दोन दिवसांनी तोच तुटक्या शेपटीचा पठ्ठ्या पुन्हा माझ्यात बसून भजी खाई. मला फार लाज वाटे.

अशातच काकांची लेक संध्या बाळंतपणासाठी माहेरी यायची ठरली. शेजारच्या तान्ह्या बाळाचे बोट उंदराने नुकतेच कुरतडले होते. काकांच्या पत्नी भागीबाई यांनी पदर खोचला.

"पकडापकडी लय झाली. घरात शिरतो कुठून, तेच बघते आता."

त्यांनी रात्री जमिनीवर पीठ भुरभुरले. सकाळी पिठात पावले उमटलेली. कोठीमागच्या भोकात त्यांनी काचेचे तुकडे भरून वर सिमेंट लिंपले. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकली. उरली मोरी. तिथे चिंध्या कोंबल्या, तर पाणी तुंबले आणि उंदराने चिंध्याही ओढून नेल्या. भागीबाई कमरेवर हात ठेवून विचार करत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

पकडीने त्यांनी माझी जाळी कापली, दुहेरी दुमडली आणि मोरीच्या तोंडात पक्की बसवली. फार दुखले, खोटे कशाला बोलू!

"अगं, पिंजराच मोडलास?" काका ओरडले. "आता उंदीर आला म्हंजे?"

"येऊच नये म्हणून तर मोडला."

तुटक्या शेपटीचा पठ्ठ्या आलाच. त्याने मला ओढले, चावले, नखांनी ओरबाडले. मी जागचा हललो नाही. शेवटी तो आल्या वाटेने परत गेला. पुढे घरात पाळणा हलला, आणि बाळाच्या दहाही बोटांना कधी ओरखडा उमटला नाही.

आज तेच बाळ मोठे होऊन सुट्टीत आजोळी येते, तेव्हा माझ्यावरच पाणी ओतून आंघोळ करते. मला ओळखत नाही. थोडे वाईट वाटते, पण चालायचेच.

मित्रांनो, कौतुक राहू द्या. माझ्यात अडकलेले केस अधूनमधून काढा. तार तुटलेली दिसली, तर त्याच दिवशी नवी जाळी बसवा. तो तुटक्या शेपटीचा आता नसेल, पण त्याची नातवंडे रोज येतात आणि माझी एकेक तार चाचपून जातात.