लाभ, दोन, तीन

थांबा जरा. बिल्ला उचलण्याआधी, ज्यातून उचलताय तिच्याकडे एकदा बघा तरी. मी पायली बोलतेय. शिसवाची, अंगावर तीन लोखंडी पट्ट्या, चार शेर धान्य मापणारी. आता लोणावळ्याच्या या दवाखान्यात दाराशी बसते आणि पेशंटांच्या नंबरांचे पत्र्याचे बिल्ले पोटात सांभाळते. हवा खायला आलेली बंगलेवाली मंडळी माझ्यात हात घालून बिल्ले खळाखळा ढवळतात आणि विचारतात, "दोन आहे, तीन आहे, एक नंबर कुठं गेला?" कुठं गेला म्हणजे! बसा, तुमचा नंबर यायला वेळ आहे. सांगते.

माझा जन्म तळेगावचा. एका सुतारानं शिसवाचा ओंडका आतून कोरून कोरून मला रिकामं केलं. मग सरकारी मापानं मला भरून बघितलं, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही, आणि पट्टीवर छाप ठोकला. त्या दिवशी मी जी ताठ झाले ती झालेच. खोटं माप म्हटलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

मला घेऊन गेला कुरवंड्याचा भिमाजी. भिमाजी गावचा मापारी. भात झोडून झालं की खळ्याखळ्यावर त्याला बोलावणं यायचं. विकणारा मला हळूच भरायला सांगायचा, म्हणजे दाणे मोकळे पडतात आणि कमी मावतात. घेणारा म्हणायचा, जरा हलवून घ्या. भिमाजी दोघांकडेही बघायचा नाही. भात ओतायचा, वरून हात फिरवला की झालं सपाट माप. शिगेनं द्यायचं ठरलं असेल तर वर ढीग चढवायचा, पार दाणे घरंगळेपर्यंत. सपाट की शीग हे आधी ठरवायचं आणि मग शेवटपर्यंत तेच चालवायचं, एवढाच त्याचा कायदा.

आणि मोजताना पहिल्या पायलीला तो कधी "एक" म्हणाला नाही. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. पहिल्या पायलीला म्हणायचं "लाभ". लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की एकावरच थांबल्यासारखं वाटतं. लाभ म्हटलं की मागून आणखी येतंय असं वाटतं.

भिमाजीची लेक रतन माझ्याशेजारी बसूनच आकडे शिकली. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी मोज म्हटल्यावर पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ, दोन, तीन!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. घरी येऊन ती माझ्यावरच रुसली. दोन दिवस बोलली नाही बया.

पण डोकं काय होतं हो तिचं! रोज कुरवंड्याहून लोणावळ्याच्या शाळेत पायी जायची, पायी यायची. तिथल्या एका बाईंनी तिचं इंग्रजी घोटून घेतलं. पुढं पुण्याला मावशीकडे राहून ती कॉलेजात गेली. मावशी एका इस्पितळात आया होती. तिला डबा पोचवता पोचवता रतननं मनाशी ठरवून टाकलं, आपण डॉक्टर व्हायचं. धोंडाबाई, म्हणजे तिची आई, हे ऐकून चुलीपुढं नुसती बसून राहिली. "आगं बया," एवढंच म्हणाली.

त्याच सुमाराला किलो आला. वजनमापं तपासणारे साहेब गावात आले आणि म्हणाले, "आता विक्रीला काटा आणि किलो. ही घरात वापरा, खळ्यावर नको." भिमाजीनं मला धुतलं, पुसलं आणि पडवीतल्या फळीवर ठेवलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मीही फार रडले, पण शिसवाला पाणी कुठून फुटणार?

मला पुन्हा कामाला लावलं ते रतननं. त्रेसष्ट साली तिचा इंटर सायन्सचा निकाल लागला आणि मार्कांचा कागद तिनं उंदरांपासून सांभाळायला माझ्यात ठेवला. वर झाकण म्हणून ताटली. त्या पावसाळ्यात तो कागद माझ्या पोटात होता आणि मी थक्क होऊन गेले होते. मी भात मापलं, नाचणी मापली, वरई मापली. पण माणसाच्या डोक्यात काय आहे ते मापून कुणी कागदावर उतरवतं? दोन वर्षांची जाग्रणं, ती पायपीट, ते सगळं एवढ्याशा कागदात मावतं? कोण असेल तो मापारी, आणि केवढी असेल त्याची पायली!

अर्ज दोन ठिकाणी केले होते. एक पुण्याला, एक दक्षिणेकडच्या लांबच्या कॉलेजला. रतन बापाला समजावत होती. "आबा, पुण्याचं कॉलेज तीनच विषय धरतंय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. तीनशेत माझे दोनशे आठ. काठावर हाय मी. लांबचं कॉलेज इंग्रजीबी धरतंय, आन् इंग्रजीत मला लय हायेत."

भिमाजीनं विचार केला. "म्हंजी पुणं सपाट मापतंय, आन् ते लांबचं शिगेनं."

"व्हय आबा! अगदी तसंच."

"पर भात एकच, तर भरती दोन कशा?" त्याला हे काही पटेना. "यातलं खरं माप कंचं?"

रतन हसली. "दोनीबी खरी. आधी ठरवल्यालं हाय ना त्यांनी."

आधी ठरवलेलं आहे म्हटल्यावर भिमाजीनं मान डोलावली. कायदा त्याचाच होता.

मग सुरू झालं वाट बघणं. वाट बघणं काय असतं ते मला विचारा, आयुष्यभर मी रिकामी बसून पुढच्या ओतण्याची वाट बघितलीय. पण या घरासारखी वाट मी बघितली नव्हती. पाऊस धो धो, लावणीचे दिवस, आणि सगळ्यांचे कान पायवाटेकडे. गोरख पोस्टमन आठवड्यातून तीनदा घोंगडं पांघरून वर यायचा. तो दिसला की धोंडाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर यायची. गोरख लांबूनच हात हलवायचा. नाही.

शेवटी रतनला राहवेना. पुण्याला जाऊन कॉलेजच्या फळ्यावर बघून येते म्हणून गेली. आणि नेमकं तिच्या मागं दोन पाकिटं आली, एकाच दिवशी.

दोन्ही इंग्रजीत. घरात वाचणारं कुणी नाही. गोरखला इंग्रजी येत होतं ते पत्त्यापुरतं. त्यानं घोंगडं झटकलं आणि पहिलं पाकीट फोडलं. लांबच्या कॉलेजचं. "शीट दिल्याली हाय. आठ दिसांत कळवा म्हंत्यात." भिमाजीनं डोळे मिटून हात जोडले. मग पुण्याचं फोडलं. गोरख अक्षर अक्षर लावून वाचत होता. "वेटिंग... लिस्ट... नंबर एक."

"वेटिंग म्हंजी?"

"टेसनावर वेटिंग रूम न्हाई का? बसायची खोली. म्हंजी बसायला जागा दिल्याली दिसतीया. आन् यादीत नंबर एक."

"एक न्हवं गोरख," भिमाजीनं त्याला मध्येच अडवलं. "लाभ म्हन. माज्या रतनीचा लाभ निघाला!"

काय सांगू तुम्हाला! मला फळीवरून खाली घेतलं, मार्कांचा कागद बाजूला ठेवला, आंबेमोहरानं शिगोशीग भरलं आणि देवापुढं ओतलं. घरोघरी गूळ वाटला. इतक्या दिवसांनी अंगावरून दाणे घरंगळले, मला तर हसू आवरेना.

आणि त्याच आनंदात भिमाजी गोरखला म्हणाला, "एक कार्ड लिव्ह. त्या लांबच्या कालेजाला. आमची पोर पुन्याला लागली. तुमची जागा दुसऱ्या लेकराला द्या, तेबी वाट बगत आसंल."

धोंडाबाई म्हणाली, "रतन आल्यावर लिवा की. घाई काय हाय?"

"एका लेकरानं दोन पायल्या अडवून बसायचं? आपल्या घरात न्हाई व्हायचं ते," भिमाजी म्हणाला. गोरखनं पत्रातलेच इंग्रजी शब्द बघून बघून कार्ड लिहिलं आणि घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी रतन आली. फळ्यावर काही लागलं नव्हतं, पत्रं घरी पाठवलीत एवढंच तिला कळलं होतं. तिनं पुण्याचं पत्र वाचलं आणि उभीच राहिली.

"आबा, ही वाट बगणाऱ्यांची यादी हाय. आत बसल्यालं कुनी उठलं, तरच मी आत. न्हाई उठलं, तर न्हाई."

भिमाजीला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "आन् ते दुसरं... म्या नको म्हनून कळीवलं."

"का आबा? मला का न्हाई विचारलं?" ती ओरडली. त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तशीच भिजत लोणावळ्याला गेली, तार केली. दोन दिवसांनी तारेचं उत्तर आलं. जागा दुसऱ्याला दिली गेली होती.

भिमाजी माझ्याशेजारी येऊन बसला. माझ्या काठावरून अंगठा फिरवत राहिला. "माज्या मापात खोट आली," म्हणाला. कुणाला म्हणाला, ठाऊक नाही. बहुतेक मलाच. मला त्याचा राग आला होता, हो, खोटं कशाला बोलू? अरे, चाळीस वर्षं धान्य मापलंस, चार दिवस दम निघाला नाही तुला? पण तो अंगठा काही थांबेना, आणि माझा राग विरघळून गेला. परक्या लेकराचं वाट बघणं त्याला सोसवलं नाही, हीच त्याची चूक.

चार दिवस बापलेकीत शब्द नव्हता. पाचव्या दिवशी आमची लावणी होती. बायामाणसांच्या जेवणाला तांदूळ काढायचे होते. रतन पडवीत आली, मला उचललं, पोत्यात बुडवलं, आणि आत बसलेल्या बापाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "लाभ!" मग "दोन!" भिमाजी आतून बाहेर आला आणि खांबाला धरून उभा राहिला. तिनं तिसरी पायली भरली आणि बापाकडे बघितलं. "तीन" भिमाजीनं म्हटलं.

त्यानंतर सोळा दिवस. भात हिरवंगार झालं, पोस्टाची वाट शेवाळली. रतन दिवसभर चिखलात राबत होती. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते का, असं मावशीला पत्र लिहून तिनं माझ्यात ठेवलं होतं. टाकायचं बाकी होतं.

सोळाव्या दिवशी गोरख आला तो पळत. धापा टाकत पाकीट रतनपुढं धरलं. "म्या न्हाई बाबा वाचत. तूच वाच."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "आबा, कुनीतरी उठलं."

पुण्याला दाखल झाल्यावर तिचं पत्र आलं, तेही माझ्याच पोटात राहिलं. ऑफिसातल्या कारकुनानं तिला सांगितलं होतं, दक्षिणेकडचा एक मुलगा पुण्यातली जागा सोडून गेला. त्याला घराजवळच्या कॉलेजात अचानक जागा मिळाली. कुणीतरी तिथली सोडली म्हणे. खाली रतननं लिहिलं होतं, "आबा, ती जागा आपलीच असेल असं नक्की सांगता येत नाही. पण मला तसंच वाटतं."

गोरखनं हे वाचून दाखवल्यावर भिमाजीनं पत्र मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं माझ्यात ठेवलं. मला तर ते आठवून अजूनही नवल वाटतं. एक मापारी कुरवंड्यात बसून, कधी न पाहिलेल्या लेकराला शिगेनं माप घालतो, आणि ते कुठून कुठून फिरून त्याच्याच खळ्यावर येतं. असलं माप घेणारी पायली कुठं असेल तर तिच्यापुढं मी माझा छाप खाली ठेवते.

तर असं आहे. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला तेव्हा मला कुरवंड्याहून इथं आणलं. बिल्ले करणाऱ्याला त्यांनी सांगितलं, पहिल्यावर एक लिहू नका, "लाभ" लिहा. तुम्ही शोधताय तो नंबर हाच. माझं मागणं एवढंच, काम झालं की बिल्ला खिशात घालून मुंबईला नेऊ नका. माझ्यात परत टाका. मागचं कुणीतरी वाट बघत असतं.

आज सकाळी लाभाचा बिल्ला कुणी उचलला सांगू? भिमाजीनं. आता पार थकलाय. दम लागतो, पायांवर सूज आहे. लेकीचा दवाखाना, पण आत सरळ जायचा नाही. सगळ्यांच्या आधी येऊन बसला, बिल्ला घेतला, लाभाची हाक आली तेव्हाच उठला.

दार उघडंच होतं. रतननं त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन..." मध्येच थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला माप कळतं. ठोके कमी भरत होते, मधला एखादा गळत होता.

"काय गं रतने," भिमाजीनं विचारलं, "किती भरली?"

तिनं त्याचा हात सोडला नाही. "शिगेनं भरलीया, आबा."

तो हसला. आणि मी, खोट्या मापावर जन्मभर जळणारी मी, आज पहिल्यांदा काही बोलले नाही.